साथीच्या काळातला मोर्चा आणि जमावबंदीचा कागद

२२ मार्च २०२० चा रविवार. देशभर जनता कर्फ्यू होता. दिल्लीच्या शाहीनबागेत नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध तीन महिन्यांहून अधिक काळ ठिय्या देऊन बसलेल्या बायकांनी त्या दिवशी एक तोडगा काढला. मोजक्या जणी मंडपात थांबल्या आणि बाकीच्यांच्या चपला त्यांच्या जागी ठेवल्या. आम्ही घरी असलो तरी आमचं आंदोलन उठलेलं नाही, एवढंच त्या चपला सांगत होत्या. दोन दिवसांनी, २४ मार्चच्या सकाळी, पोलिसांनी मंडप काढला. त्याच रात्री देशभराची टाळेबंदी जाहीर झाली.

मी त्या चपलांचा विचार अजून करते. गर्दीने रोग पसरतो, चपलांनी नाही. मग त्या सकाळी नेमकं काय थांबवायचं होतं, गर्दी की आंदोलन? साथीच्या काळातल्या आंदोलनाच्या हक्काचा सगळा पेच या एका प्रश्नात आहे. आणि तो फक्त शाहीनबागेपुरता नाही. पगार न मिळालेला कामगार, पीपीई किट न मिळालेली परिचारिका, गावी जायला गाडी मागणारा मजूर, सगळ्यांना तो लागू होतो. कायदा काय सांगतो ते नीट समजून घेऊ. वाटतं तितकं ते अवघड नाही.

आधी शब्द सोडवून घ्यायला हवेत, कारण २०२० पासून आपण तीन वेगळे शब्द एकाच अर्थाने वापरतो. जमावबंदी म्हणजे ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही. तुम्ही एकटे बाजारात जाऊ शकता. संचारबंदी म्हणजे आदेशात दिलेल्या कारणाशिवाय घराबाहेरच पडायचं नाही. टाळेबंदी हा शब्द आपल्याकडे पूर्वी गिरण्या-कारखान्यांपुरता होता, मालकाने दाराला कुलूप लावलं की टाळेबंदी. साथीत तोच शब्द दुकानं, वाहतूक, शाळा असं सगळं बंद करणाऱ्या आदेशांच्या गठ्ठ्याला चिकटला. मोर्च्याचा प्रश्न मुख्यतः जमावबंदीचा आहे.

ही जमावबंदी येते कुठून? महाराष्ट्रात तिचे चार झरे आहेत. पहिला १८९७ चा साथरोग कायदा. दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, ज्याच्या आधारे केंद्राने २४ मार्च २०२० चा आदेश काढला आणि त्यात सामाजिक, राजकीय, धार्मिक अशा सगळ्या जमावांना मनाई केली. तिसरा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४, जे सगळ्यांना तोंडपाठ आहे. चौथा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७. याचं नाव फारसं कुणी घेत नाही, पण जिल्ह्याच्या पानावर वरचेवर छापून येणारा 'मनाई आदेश लागू' हा मजकूर बहुतेक वेळा याच कलमाचा असतो.

तो मजकूर कधी पूर्ण वाचलाय का? पोलीस ठाण्याच्या फळ्यावर टाचलेला असतो. शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, लाठ्याकाठ्या बाळगू नयेत. दाहक किंवा स्फोटक पदार्थ नेऊ नयेत. दगड गोळा करू नयेत. प्रेतं किंवा प्रतिमा यांचं प्रदर्शन करू नये. जाहीरपणे घोषणा देऊ नयेत, गाणी म्हणू नयेत, वाद्यं वाजवू नयेत. आणि मग उपकलम ३: सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी जमाव आणि मिरवणुकीला बंदी. ही बंदी पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालवायची असेल तर राज्य सरकारची मंजुरी लागते. म्हणून तारखा वाचायच्या. आदेश कोणत्या दिवशी सुरू होतो, कधी संपतो, सही कुणाची आहे, कलम कोणतं आहे. बंदी सरसकट वाटते, पण कागदावर तिला नेहमी हद्द असते आणि मुदत असते.

कलम १४४ चंही तसंच. साधारणपणे दोन महिन्यांपेक्षा जास्त तो आदेश टिकत नाही, राज्य सरकारला तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवता येतो. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात हेच कलम १६३ झालं आहे. आकडा बदलला, अधिकार तोच.

आता संविधानाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. अनुच्छेद १९ नागरिकांना शांततेने आणि शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा हक्क देतो. मोर्चा, धरणं, सभा हे सगळं यात येतं. हक्क अमर्याद नाही, त्याच्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. पण कोणत्या कारणांसाठी? अनुच्छेद १९(३) मध्ये दोनच कारणं लिहिली आहेत: भारताची सार्वभौमता व एकात्मता, आणि सार्वजनिक सुव्यवस्था. आरोग्य हा शब्द तिथे नाही.

नजरचुकीने राहिला असेल? तसं मानता येत नाही. थोडं पुढे जाऊन अनुच्छेद २५ वाचा. धर्मस्वातंत्र्याचा हक्क देतानाच संविधान म्हणतं की तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. म्हणजे जिथे आरोग्य हे कारण हवं होतं तिथे घटनाकारांनी ते नाव घेऊन लिहिलं. २०२० च्या आषाढीला आळंदी आणि देहूहून पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. लाखो वारकऱ्यांनी मन घट्ट करून ते स्वीकारलं. त्या निर्णयाला संविधानात थेट शब्दाचा आधार होता. मोर्च्याच्या बाबतीत तो थेट आधार नाही.

पण म्हणून साथीत मोर्च्यावर बंधन घालताच येत नाही, असा निष्कर्ष कुणी काढू नये. सरकार दुसऱ्या वाटेने येतं आणि ती वाट पूर्णपणे चुकीची नाही. कलम १४४ च्या मजकुरातच मानवी जीवित, आरोग्य किंवा सुरक्षितता यांना धोका, हे शब्द आहेत. अनुच्छेद २१ खाली प्रत्येकाच्या जीविताचं रक्षण करायची जबाबदारी सरकारवर आहे. संचाराचा हक्क तर सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी मर्यादित करता येतो. आणि हाताबाहेर गेलेली साथ सार्वजनिक सुव्यवस्थाही मोडू शकते, हे २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी धावलेल्या कुणाला वेगळं सांगायला नको.

तरीही 'सार्वजनिक सुव्यवस्था' हा पोतं भरायचा शब्द नाही. डॉ. राममनोहर लोहियांच्या स्थानबद्धतेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक चित्र उभं केलं होतं. एकात एक अशी तीन वर्तुळं. सगळ्यात बाहेरचं कायदा-सुव्यवस्थेचं, आतलं सार्वजनिक सुव्यवस्थेचं, गाभ्यातलं राज्याच्या सुरक्षिततेचं. बाहेरच्या वर्तुळातली प्रत्येक कटकट आतल्या वर्तुळात शिरत नाही. वीस माणसं मोकळ्या मैदानात अंतर ठेवून फलक घेऊन उभी राहिली, तर ती कोणत्या वर्तुळात येतात? माझ्या मते बाहेरच्यासुद्धा नाही. पण निदान हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

न्यायालयांनी याबद्दल काय म्हटलंय? महाराष्ट्रापासूनच सुरुवात करता येते. १९५६ मध्ये नागपुरात कापड कामगारांच्या दोन संघटनांच्या वादातून तणाव झाला आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी १४४ लावलं. बाबूलाल पराते यांनी त्याला आव्हान दिलं. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं. कारण काय, तर हा अधिकार फक्त तातडीच्या प्रसंगी, वस्तुस्थिती तपासून वापरायचा आहे आणि त्याची न्यायालयात चिकित्सा होऊ शकते. म्हणजे कलम वाचलं ते त्याच्यावरच्या लगामामुळे. लगाम काढला की वैधतेचा पायाच ढासळतो.

मग १० जानेवारी २०२० चा अनुराधा भसीन निकाल. विषय काश्मीरमधली इंटरनेटबंदी आणि १४४ चे आदेश. न्यायालयाने सांगितलं की रास्त मतप्रदर्शन दाबायला हे कलम वापरता येणार नाही, आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, त्यात कारणं हवीत, आणि मुदत संपली की पुन्हा, पुन्हा संपली की पुन्हा, असे साखळीने आदेश काढणं हा अधिकाराचा गैरवापर आहे. साथ दाराशी आलेली असताना लिहिला गेलेला हा निकाल पुढच्या दोन वर्षांसाठी मोजपट्टी ठरायला हवा होता.

त्यानंतर साधारण महिन्याभराने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बीड जिल्ह्यातल्या माजलगावचं प्रकरण निकाली काढलं. तिथल्या लोकांना नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध ईदगाह मैदानावर शांततेने धरणं धरायचं होतं. पोलिसांनी कलम ३७ च्या आदेशाकडे बोट दाखवून परवानगी नाकारली. खंडपीठाने आदेशही रद्द केला आणि नकारही. कायद्याला विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असं निकालात स्पष्ट लिहिलं. आणि आदेश दिसायला सगळ्यांसाठी असला तरी रोख एकाच आंदोलनावर आहे, हेही हेरलं. माझ्या दृष्टीने या निकालातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, कारण साथीतला आदेशही दिसायला सगळ्यांसाठीच असतो.

शाहीनबागेचा निकाल ७ ऑक्टोबर २०२० ला आला, मंडप निघून सहा महिने झाल्यावर. सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून बसता येणार नाही, विरोध ठरवून दिलेल्या जागी करावा, असं न्यायालयाने म्हटलं. काही जण हा निकाल 'साथीत आंदोलनाचा हक्क नाही' असा वाचतात. ते वाचन चुकीचं आहे. निकाल रस्त्याबद्दल आहे. डिसेंबर २०२० मध्ये, साथ चालू असतानाच, दिल्लीच्या सीमेवरच्या शेतकऱ्यांबद्दल याच न्यायालयाने आंदोलनाचा हक्क मूलभूत असल्याचं मान्य केलं. पुढच्याच महिन्यात तिथल्या गर्दीतून संसर्ग पसरेल का, याची काळजीही त्याच न्यायालयाने बोलून दाखवली. या दोन्ही गोष्टी एका दमात म्हणता येतात, त्यात विसंगती नाही.

तर मग तोल कसा साधायचा? कायद्यात याला प्रमाणबद्धतेची कसोटी म्हणतात. नाव जड आहे, आशय आपल्या आजीच्या शहाणपणाचा आहे. उद्देश योग्य आहे का? साथ रोखणं हा योग्यच उद्देश. उपाय त्या उद्देशाला लागू पडतो का? नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. यापेक्षा सौम्य उपायाने काम भागलं असतं का? आणि शेवटी, जे साधलं आणि जे गमावलं त्यांचा मेळ बसतो का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा. पाचशेंचा मोर्चा धोक्याचा असेल तर पन्नासांचं धरणं चालेल का? रस्त्यावर नको तर मैदानात? चार तास नको तर एक तास? हे विचारायला अधिकाऱ्याला समोरचा अर्ज वाचावा लागतो.

आणि नेमकं तेच होत नव्हतं. २०२० च्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या घरकामगार बायकांचा एक अर्ज मी लिहून दिला होता. चार महिने बहुतेकींना पगार नव्हता, सोसायट्या आत घेत नव्हत्या. बारा जणी, प्रत्येकीत सहा फूट, मास्क, घोषणा नाहीत, अर्धा तास, असं सगळं त्यात लिहिलं होतं. उत्तर एका ओळीचं आलं: कोविडमुळे परवानगी देता येत नाही. कलम नाही, आदेशाचा क्रमांक नाही, बारा या आकड्याचा उल्लेख नाही. त्याच आठवड्यात त्यातल्या दोघी पन्नास माणसांच्या लग्नात भांडी घासायला गेल्या होत्या, आणि ते लग्न पूर्णपणे नियमात होतं.

हाच मुद्दा जर्मनीत थेट घटना न्यायालयापर्यंत गेला. गीसेन नावाच्या शहरात एप्रिल २०२० मध्ये साधारण तीस जणांना निर्बंधांविरुद्ध निदर्शनं करायची होती. अंतर कसं राखू, हे त्यांनी आधीच कळवलं होतं. दोनपेक्षा जास्त लोकांना एकत्र यायला राज्याच्या नियमाने सरसकट मनाई आहे, असं म्हणत नगर प्रशासनाने बंदी घातली. १५ एप्रिलला न्यायालयाने ती उठवली. न्यायालय असं म्हणालं नाही की निदर्शनं होऊ द्याच. ते म्हणालं की नियम तुम्हाला निर्णय घ्यायची मोकळीक देतो, तुम्ही ती वापरलीच नाही. या विशिष्ट जमावाचा विचार करा आणि मग ठरवा. साथीची पहिली लाट भरात असताना, लस दूर दूर दिसत नसताना, एका दिवसात दिलेला हा आदेश मला फार मोठा वाटतो.

लंडनमध्येही तेच घडलं, जास्त वेदनादायक रीतीने. मार्च २०२१ मध्ये एका तरुणीला घरी जाताना एका पोलिसानेच पळवून नेऊन मारलं. स्त्रियांना क्लॅपहॅम कॉमन या मैदानात जमून तिला श्रद्धांजली वाहायची होती. आयोजक पोलिसांशी बोलायला गेल्या. पोलिसांनी सांगितलं, निर्बंध आहेत, जमलात तर दंड होईल. अधिकृत कार्यक्रम रद्द झाला, बायका तरीही आल्या, आणि जमिनीवर दाबून धरलेल्या स्त्रीचे फोटो जगभर गेले. वर्षभराने, मार्च २०२२ मध्ये, तिथल्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला की पोलिसांनी आयोजकांच्या हक्कांचा भंग केला. कारण पुन्हा तेच. या कार्यक्रमाला नियमातून सूट देण्याजोगं रास्त कारण आहे का, याचा त्यांनी विचारच केला नव्हता.

फ्रान्समध्ये दहापेक्षा जास्त लोकांच्या जमावावरची बंदी, आगाऊ कळवलेल्या निदर्शनांपुरती, तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने १३ जून २०२० ला स्थगित केली. आंतरराष्ट्रीय करार मात्र सरकारांना आपल्या संविधानापेक्षा थोडी जास्त मोकळीक देतो. भारताने १९७९ मध्ये स्वीकारलेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारात, जमण्याच्या हक्कावर सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतात असं स्पष्ट लिहिलंय. पण तेही 'लोकशाही समाजात आवश्यक' असतील तरच.

अंतर राखून आंदोलन होऊ शकतं का, ही शंका रास्त आहे. ज्या लोकांनी २०२० मध्ये किराणा दुकानासमोर फक्कीने आखलेल्या गोलात उभं राहून साखर आणली, त्यांना याचं उत्तर पायांना माहीत आहे. १९ एप्रिल २०२० ला तेल अवीवच्या राबिन चौकात दोन हजारांहून अधिक माणसं अशीच खुणांवर उभी राहिली, दोन-दोन मीटरवर, तोंडाला मास्क, हातात काळे झेंडे. वरून काढलेल्या फोटोत ती शेतात लावलेल्या रोपांसारखी दिसतात. पुढे तिथल्या सरकारने घरापासून एक किलोमीटरच्या पलीकडे निदर्शनाला जायला मनाई केली, तर लोक आपापल्या नाक्यांवर आणि पुलांवर उभे राहिले.

आपल्याकडेही एक चांगला नमुना आहे, त्याची आठवण फार कुणी काढत नाही. जुलै २०२१ मध्ये दिल्लीच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शेतकऱ्यांना जंतरमंतरवर रोज जास्तीत जास्त दोनशे जणांनिशी बसायला परवानगी दिली. २२ जुलैपासून ते सिंघू सीमेवरून बसने यायचे, आपली 'शेतकरी संसद' भरवायचे, संध्याकाळी परत जायचे. संख्या ठरलेली, जागा ठरलेली, वेळ ठरलेली. दुसऱ्या लाटेने दिल्लीची स्मशानं भरली त्याला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे. मोर्चा म्हणजे लग्न नव्हे. घोषणा ओरडून दिल्या जातात, त्यातून तुषार दूर जातात. माणसं वेगवेगळ्या गावांहून येतात आणि वेगवेगळ्या गावांना परततात, एखाद्याला लागण निघाली तर शेजारी कोण बसलं होतं हे शोधणं कठीण. २३ जानेवारी २०२१ ला नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा जथा कसारा घाट उतरून आझाद मैदानात पोहोचला तेव्हा हजारोंच्या गर्दीत अंतर वगैरे काही उरलं नव्हतं. आरोग्य खात्याच्या माणसाच्या पोटात गोळा येणं साहजिक आहे. पण धोका सगळीकडे सारख्या मापाने मोजला जावा, एवढी तरी अपेक्षा असते. २०२० च्या मे ते सप्टेंबर या काळात केंद्राच्या नियमांत लग्नाला पन्नास, अंत्यविधीला वीस माणसं चालत होती आणि राजकीय जमावाला शून्य. २०२१ च्या वसंतात बंगालमध्ये आठ टप्प्यांत मतदान चाललं, मोठमोठ्या सभा झाल्या, आणि निवडणूक आयोगाने सभांना पाचशेची मर्यादा घातली ती २२ एप्रिलला, लाट टिपेला जात असताना. मत मागायला गर्दी चालते आणि दाद मागायला चालत नाही, असं दिसलं की लोकांचा आरोग्याच्या नियमांवरचाच विश्वास उडतो. साथीत तो विश्वास लशीइतकाच लागतो.

हे महाराष्ट्राला तरी नव्याने सांगायला नको. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये घाईघाईने साथरोग कायदा आला. चारच कलमांचा. सरकारला आवश्यक वाटेल ते करायची मुभा, मोडणाऱ्याला शिक्षा, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण. नागरिकाने तक्रार कुठे करायची, यासाठी एक ओळसुद्धा नाही. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या घेतल्या, देवघरात आणि माजघरात बूट शिरले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी इंग्लंडमध्ये असताना पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सैनिकांवर गंभीर आरोप केले, पण परतल्यावर उघडपणे साक्ष द्यायला कुणी धजेना आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. टिळकांना केसरीतल्या लेखनाबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिने तुरुंगवास झाला. त्याआधीच, २२ जून १८९७ च्या रात्री, गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, बरोबरचा लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला. मार्च १८९८ मध्ये मुंबईत प्लेगच्या तपासणीवरूनच मोठी दंगल उसळली. बोलायच्या वाटा एकेक करून बंद झाल्या होत्या. २०२० मध्ये महाराष्ट्राने कोविडचे नियम काढले ते याच चार कलमांच्या कायद्याखाली. संसदेने त्यात २०२० मध्ये डॉक्टर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांबद्दल कडक शिक्षा घातली, ते योग्यच झालं. तक्रारीची ओळ अजूनही नाही.

साथीत ज्यांना आंदोलन करावं लागतं ते कोण असतात, तेही बघायला हवं. १४ एप्रिल २०२० ला टाळेबंदी वाढल्याची बातमी आली आणि वांद्रे स्थानकाबाहेर हजारो मजूर जमले. गावी जायला गाडी द्या, एवढीच मागणी. लाठीमार झाला, गुन्हे दाखल झाले. त्यांनी परवानगी का मागितली नाही, असं तेव्हा विचारलं गेलं. कुणाकडे मागणार होते?

किंवा आशा सेविका घ्या. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत याच बायका एका हातात ऑक्सिमीटर, दुसऱ्या हातात तापमापक घेऊन दारोदार फिरल्या. कुठे दार उघडलं, कुठे अंगावर कुत्रं सोडलं. जून २०२१ मध्ये त्यांनी राज्यभर संप केला, मानधन वाढवा म्हणून. गर्दीचा धोका या बायकांना आपण शिकवायचा? त्यांनीच तो गावाला शिकवला होता. संपानंतर मानधनात वाढ जाहीर झाली. साथीतल्या धोरणात चूक कुठे होतेय हे बहुतेक वेळा ज्याच्या अंगावर ते धोरण पडतं त्यालाच आधी कळतं, आणि त्याच्याकडे बोलायला रस्त्याशिवाय दुसरी जागा नसते.

आता व्यवहाराचं. बंदी असताना जमलात तर पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १८८ लागायचं, लोकसेवकाचा आदेश मोडल्याबद्दल. आता भारतीय न्याय संहितेचं २२३ लागतं आणि शिक्षा वाढली आहे: साधारणतः सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, आणि जीविताला किंवा आरोग्याला धोका झाला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला संबंधित लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ५१ वेगळं, तिथे एक वर्षापर्यंत कैद आहे आणि जीव गेल्यास दोन वर्षं. टाळेबंदीतले १८८ चे गुन्हे मागे घ्यायचा निर्णय राज्य सरकारने २०२२ मध्ये जाहीर केला. पण घोषणा झाली म्हणून नाव आपोआप पुसलं जात नाही, खटला मागे घ्यायला न्यायालयाची संमती लागते. पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या पडताळणीत आपलं नाव अजून निघतं का, हे ज्याचं त्याने तपासून घ्यावं.

आणि पुन्हा कधी अशी वेळ आली, तर अर्ज असा करा की अधिकाऱ्याला तो वाचावाच लागेल. माणसं किती, ठिकाण कोणतं, किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद. अंतर कसं राखणार, खुणा कोण आखणार, हजेरीची वही कोण ठेवणार. पर्यायी जागा आणि पर्यायी संख्याही लिहा, म्हणजे सौम्य उपाय तुम्हीच समोर ठेवलेला असतो. कोणत्या आदेशाच्या कोणत्या कलमाखाली नकार देताय ते लेखी कळवा, अशी विनंती शेवटी करा. उच्च न्यायालयात पहिला प्रश्न याच कागदावरून निघतो. आमच्या घरकामगार बायकांनी पुढच्या महिन्यात दुसरा अर्ज केला तेव्हा तो असाच लिहिला होता. बाराच्या जागी आठ जणी, कार्यालयाच्या फाटकाऐवजी समोरचं रिकामं पटांगण. तीन दिवसांनी फोन आला, या म्हणाले, पण वीस मिनिटं. त्यांनी आदल्या संध्याकाळीच फक्की नेऊन आठ गोल आखले.